शाबर्तों: ३१३१ मीटरवरचा किल्ला आणि त्याला ओलांडून सरकलेली सीमा

इटलीतल्या तोरिनोत (ट्युरिनला) राहायला आल्यावर मी ज्याला त्याला विचारत सुटले होते की इथे चढण्यासारखं काय आहे, आणि फिरून फिरून एकच नाव यायचं, शाबर्तों. फ्रान्स-इटलीच्या सीमेवरचा डोंगर, उंची ३१३१ मीटर, आजूबाजूच्या रांगेपासून बराचसा सुटा, वर निमुळता होत गेलेला, आणि डोक्यावर ओळीने आठ खुंट्या ठोकल्यासारखं काहीतरी दिसतं. त्या खुंट्या म्हणजे तोफांचे बुरूज आहेत हे कळल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. राजगड-तोरणा करत वाढलेल्या माणसाला तीन हजार मीटरच्या वर किल्ला आहे म्हटल्यावर दुसरं काय होणार!

नवऱ्याच्या ऑफिसातला एक इटालियन सहकारी त्याच खोऱ्यात लहानाचा मोठा झालाय, तो म्हणाला मी नेतो तुम्हाला, पण आधी वाचून या, नाहीतर वर जाऊन नुसते दगड बघाल. मग काय, रोज जेवणं झाली की नकाशे उघडून बसायचं असं सुरू झालं, आणि खरं सांगते, या वाचण्यातच निम्मी मजा होती.

आधी जागा समजून घ्या, जागा कळली की किल्ला तिथे का बांधला ते आपोआप कळतं. मोंजनेव्र ही साधारण १८५० मीटरवरची खिंड, रोमन काळापासून इटलीतून पलीकडे उतरायची वहिवाटीची वाट. पश्चिमेला उतरलं की फ्रान्समधलं ब्रियाँसों, पूर्वेला उतरलं की क्लाविएर, चेझाना, उल्क्स आणि मग सूझाचं खोरं थेट तोरिनोकडे. शाबर्तों या खिंडीच्या ईशान्येला, अगदी डोक्यावर उभा आहे. म्हणजे वर जो बसेल त्याला खिंडीतून येणारं-जाणारं सगळं दिसणार आणि ब्रियाँसोंच्या आसपासचे किल्ले त्याच्या माऱ्यात येणार. घाटाच्या तोंडावर गड, हे गणित आपल्याला कुणी शिकवायला नको.

पाण्याचंही बघा. द्युरांस नदी या खिंडीजवळच उगम पावते आणि पश्चिमेला रोन नदीला मिळून भूमध्य समुद्राला जाते, आणि खिंडीच्या दुसऱ्या अंगाचं पाणी दोरा रिपारियातून पो नदीत आणि मग एड्रियाटिकला. शाबर्तोंवर पडलेलं पाणी दोराकडेच उतरतं, म्हणजे पाणलोट धरला तर डोंगर पुरता इटलीच्या बाजूचा. आणि तरीही आज तो फ्रान्समध्ये आहे. कसा ते पुढे येईलच.

१८८२ मध्ये इटली जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गोटात गेला, म्हणजे फ्रान्स हा संभाव्य शत्रू झाला, आणि आल्प्सच्या सीमेवर दोन्हीकडून किल्ल्यांची चढाओढ लागली. त्यातूनच १८९८ मध्ये शाबर्तोंवरच्या कामाला सुरुवात झाली. आराखडा मेजर लुईजी पोलारी मालिएत्ता याचा. आधी फेनिल्स गावातून शिखरापर्यंत लष्करी रस्ता काढला, मग शिखराचा माथा काही मीटर तासून सपाट केला, त्या सपाटीवर आठ दगडी बुरूज उभे केले आणि प्रत्येकावर १४९ मिलिमीटरची एक तोफ, वर फिरता पोलादी घुमट. बुरूज इतके उंच का, तर हिवाळ्यात माथ्यावर साचणाऱ्या बर्फाच्या वर तोफेचं तोंड राहावं म्हणून! हे वाचलं तेव्हा मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. १९१० च्या सुमाराला बॅटरी, म्हणजे तोफांचा हा सगळा तळ, तयार झाली. आणि पाच वर्षांत राजकारणच उलटलं, १९१५ ला इटली फ्रान्सच्याच बाजूने युद्धात उतरला, तेव्हा तोफा इथून काढून ऑस्ट्रियाच्या आघाडीवर पाठवल्या. नंतर त्या परत बसवल्या गेल्या.

आता आमच्या जाण्याचं सांगते. पोचायच्या तीन वाटा लोक वापरतात, फ्रान्सच्या मोंजनेव्रहून, इटलीच्या क्लाविएरहून, किंवा खाली फेनिल्सहून जुन्या लष्करी रस्त्याने. क्लाविएर १७६० मीटरवर, म्हणजे तिथून चढाई १३७० मीटरच्या आसपास. फेनिल्स त्याच्याही बरंच खाली, तिथून चढाई साडेअठराशे मीटरच्या घरात जाते. मला तो लष्करी रस्ता काही झालं तरी बघायचा होता, पण तिथून चढायची माझी तयारी नव्हती, तेव्हा क्लाविएरकडून चढायचं आणि फेनिल्सला उतरायचं असं ठरलं. गाडी पहाटे फेनिल्समध्ये लावली आणि बसने वर क्लाविएरला गेलो.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते. शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या आपसात सीमा उघड्या ठेवणाऱ्या देशांच्या गटात आहोत, सीमा उघडी आहे असं धरून चालू नका. २०१५ च्या शेवटापासून फ्रान्सने सीमेवर तपासणी परत सुरू केलीय आणि मोंजनेव्रच्या रस्त्यावर पोलीस असतात. इटलीत राहण्याचा परवाना आणि पासपोर्ट दोन्ही मूळ कागद जवळ ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबून राहू नका. आम्हाला रस्त्याच्या कडेला थांबवलं, कागद बघितले, कुठे चाललात विचारलं, शाबर्तों म्हटल्यावर वर बघून हवा कशी राहील ते पण सांगितलं आणि सोडलं. सगळं मिळून दोन-चार मिनिटांचं काम.

पण त्याच वाटेवर झुडपात एक लहान मुलाचा बूट आणि भिजून कडक झालेलं जाकीट पडलेलं होतं. ट्रेकरचं नव्हतं ते. अफगाणिस्तान, इराण, आफ्रिकेतले देश, कुठून कुठून आलेली माणसं रात्रीची याच खिंडीतून चालत फ्रान्सला जायचा प्रयत्न करतात, हिवाळ्यात सुद्धा, आणि या डोंगरांत थंडीने आणि पाण्यात बुडून माणसं गेलेली आहेत. उल्क्सला आणि ब्रियाँसोंला स्थानिक लोकांनी त्यांच्यासाठी निवारे चालवलेत, गरम जेवण, कोरडे कपडे, झोपायला जागा. आम्ही ज्या वाटेने हौसेने जातो तीच ही वाट, आणि माझ्याकडे दोन कागद आहेत एवढाच काय तो फरक. मला त्या बुटाजवळून लगेच पुढे निघवेना.

क्लाविएरपासून सुरुवातीला रुंद सोपा रस्ता आहे, मग बॅस नावाच्या दरीत शिरतो. आधी लार्चची झाडं, मग कुरण, मार्मोटच्या (बिळात राहणारी मोठी डोंगरी खार) शिट्ट्या, आणि जसजसं वर जाल तसतसं हिरवं कमी होत जातं आणि दगड वाढत जातो. एक लक्षात घ्या, कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे आमचा ट्रेक जिथून सुरू झाला तेच महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकापेक्षा वर. त्यामुळे दमछाक लवकर होते, आणि २५०० च्या पुढे मला तर दर थोड्या वेळाने थांबून श्वास घ्यावाच लागत होता. इटालियन दादा मात्र शिट्टी वाजवत चालला होता.

दरीच्या वरच्या टोकाला शाबर्तोंची खिंड, २६७४ मीटर. इथे वाऱ्याचा पहिला तडाखा बसतो. आणि इथेच युद्ध पायाखाली येतं, अक्षरशः, दगडात अर्धवट गाडलेली काटेरी तार, गंजून तपकिरी झालेली, तिची वेटोळी जिकडे तिकडे. ही तार आपल्या कुंपणाच्या तारेसारखी बारीक नसते, काटे लांब आणि दाट, पायातला जाड बूटसुद्धा अडकतो. वाट सोडून फोटो काढायला जाऊ नका असं का सांगतात ते इथे कळतं.

खिंडीपासून माथा अजून साडेचारशे मीटर वर. इथून जुन्या लष्करी रस्त्याची नागमोडी वळणं लागतात, पण रस्ता म्हणायचं ते नावाला, बऱ्याच ठिकाणी दरड येऊन तो पुसला गेलाय आणि नुसता घसारा उरलाय. दगड चुनखडी आणि डोलोमाइटचा, फिकट, राखाडी-पांढरा, पाय टाकला की खाली सरकतो. सह्याद्रीतल्या घसाऱ्याची सवय असेल तर तंत्र तेच, छोटी पावलं, टाच रोवून, पुढच्या माणसाच्या सरळ खाली उभं राहायचं नाही. दोरी लागत नाही, चढाई तांत्रिक नाही, पण बर्फाचे पट्टे जूनच्या शेवटापर्यंत, कधी जुलैतही टिकतात आणि सकाळी ते कडक असतात. नवरा मध्येच म्हणाला, "अगं, या रस्त्याने तोफा नेल्या?" आणि मग आम्ही दोघं बराच वेळ त्या वळणांकडे बघत राहिलो. पोलादी घुमट, तोफा, सिमेंट, लाकूड, कोळसा, सगळं या डोंगरावर चढवलेलं आहे, पुढे सामानासाठी रोपवे पण होता.

माथ्यावर पोचलात की आधी एकदम सपाट अंगण. चढून आल्यावर इतकी सपाट जागा विचित्रच वाटते, कारण ती निसर्गाची नाहीच. आणि अंगणाच्या कडेने ओळीत ते आठ बुरूज. खालून खुंट्या वाटणारे हे बुरूज जवळून दोन माणसांपेक्षा उंच आहेत, गोल, दगडी बांधकामाचे, घुमट आणि तोफा गेलेल्या, युद्धानंतर बरंचसं लोखंड काढून नेलं. काही बुरूज बऱ्यापैकी धड, काही उभे चिरलेले, एकाचा तर अर्धा कठडाच नाही. मी एका फुटलेल्या बुरुजाच्या भिंतीवर हात ठेवला तर दगडांच्या मधला चुना बोटाला लागून भुगा होऊन पडला. खाली खडकात कोरलेली कोठारं आणि भुयारं आहेत, दारूगोळा तिथून वर बुरुजात चढवायचे. आत जायचं असेल तर हेडटॉर्च पाहिजेच, आणि काही बोळ बर्फाने बुजलेले असतात, तिथे हट्ट करू नका. जमिनीवर कुठलंही गोल लोखंडी काही दिसलं तर हात लावायचा नाही, हे तर सांगायलाच नको.

आता २१ जून १९४०. इटलीने १० जूनला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं होतं, तेव्हा फ्रान्स उत्तरेकडे जर्मनीपुढे आधीच कोसळत होता. शाबर्तोंची बॅटरी कॅप्टन स्पार्ताको बेविलाक्वाच्या हाताखाली, समोरच्या फ्रेंच किल्ल्यांवर तिचा मारा सुरू झालेला. फ्रेंचांनी या डोंगरासाठी खास तयारी केलेली होती. लेफ्टनंट मिगेच्या हाताखाली २८० मिलिमीटरच्या चार उखळी तोफा, ब्रियाँसोंच्या बाजूला दोन-दोन करून डोंगराच्या आडोशाला लपवलेल्या, शाबर्तोंवरून त्या दिसतच नव्हत्या. एकेक गोळा दोनशे किलोच्या वर. निरीक्षक दुसऱ्या उंचवट्यांवर बसून गोळा कुठे पडला ते फोनवर सांगणार आणि मग नेम सुधारणार. सकाळी मारा सुरू झाला पण माथ्यावर ढग आले, थांबावं लागलं. दुपारनंतर ढग फाटले आणि संध्याकाळपर्यंत आठातले सहा बुरूज निकामी झाले. आतली माणसं मेली, जखमी झाली. ज्या किल्ल्याच्या बांधणीला बारा-एक वर्षं लागली तो एका दिवसात संपला.

मला हे सगळं तिथे उभं राहून समजून घ्यायचं होतं, की का पडला. आणि उत्तर त्या भिंतीतच आहे. पोलारी मालिएत्ताच्या काळात हिशोब असा होता की इतक्या उंचीवर खालून सरळ मारा करून कुणाची तोफ पोचणारच नाही, म्हणून बुरूज उघड्यावर, ओळीत, आणि भिंती-घुमट जाड नाहीत, फुटलेल्या गोळ्यांच्या कपच्या अडवण्यापुरते. पण उखळी तोफेचा गोळा सरळ येत नाही, आभाळात चढून वरून खाली पडतो. त्या हिशोबात उंचीची मदत संपली आणि उलट आकाशासमोर ठळक दिसणारे आठ बुरूज हे नेम धरायला सोयीचं लक्ष्य झालं. मधल्या तीस वर्षांत तोफखाना कुठच्या कुठे गेला होता, पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दंसारख्या लढाया होऊन गेल्या होत्या, तरी इथे तोच आराखडा तसाच राहिला. माझ्या मते दोष त्या मूळ इंजिनिअरचा नाही, १८९८ मध्ये त्याने बरोबरच विचार केला होता. दोष त्यांचा ज्यांनी पहिल्या महायुद्धानंतर तोफा परत आणून त्याच उघड्या बुरुजांवर बसवल्या आणि माणसांना त्यात उभं केलं.

आणि गंमत अशी की, गंमत कसली, वाईटच, त्या दिवसाने युद्धात काही बदललं नाही. दुसऱ्या दिवशी, २२ जूनला, फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केली, २४ ला इटलीशी. आल्प्सच्या या आघाडीवर इटालियन सैन्य फार पुढे सरकलंच नव्हतं.

पुढे १० फेब्रुवारी १९४७ च्या पॅरिस तहात फ्रान्सने इटलीकडून सीमेवरचे काही तुकडे मागून घेतले, दक्षिणेला तांद आणि ब्रिग, मोंसनीचं पठार, आणि हा शाबर्तों. पाणलोटाच्या रेषेने सीमा जात होती ती इथे मुद्दाम पूर्वेला सरकवली, केवळ हा माथा फ्रान्सच्या हद्दीत यावा म्हणून, परत कुणी इथे बसून ब्रियाँसोंवर तोफा रोखू नयेत म्हणून. इटालियन दादा सांगत होता की खालच्या गावातले म्हातारे अजूनही "आमचा शाबर्तों" असंच म्हणतात. तो हे चिडून नाही म्हणाला, पण म्हणताना बुरुजावर हात टेकून उभा होता. बुरूज बांधणारे मजूर, त्यात राहणारे सैनिक, सगळा इतिहास एका देशाचा आणि जमीन दुसऱ्याची, हे आपल्याला, ज्यांचे स्वतःचे डोंगर फाळणीत गेलेले नाहीत, पटकन उमगत नाही.

वरून दिसतं काय, तर पश्चिमेला एक्रें नावाच्या डोंगररांगेतल्या हिमनद्या, दक्षिणेला मोनविझोचा सुळका, आणि खाली मोंजनेव्रची खिंड तळहातावर असल्यासारखी. समोरच्या धारेवर झानुसचा फ्रेंच किल्ला ओळखता येतो. वाऱ्यामुळे डबा एका बुरुजाच्या आडोशाला बसून खाल्ला, थेपले आणि लसणाची चटणी, दादाने चटणी दोनदा मागून घेतली. दुपारी एकच्या आधी उतरायला लागायचं हे आधीच ठरलं होतं कारण उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट होतो आणि या माथ्यावर विजेपासून लपायला सुरक्षित जागा नाही, बुरुजांत तर आजिबात थांबू नये, लोखंड आहे अजून आत.

उतरताना खिंडीपर्यंत तीच वाट, मग फेनिल्सच्या अंगाला. इथे तो लष्करी रस्ता नीट बघायला मिळतो. एकेकाळी या रस्त्याने मोटरसायकलवाले माथ्यापर्यंत जायचे, आता वाहनांना बंदी आहे आणि ते बरंच झालं. चढ इतका बेताचा ठेवलाय की खेचर आणि तोफगाडा दोन्ही चालतील, वळणांच्या बाहेरच्या कडेला रचीव दगडांच्या भिंती, चुना न वापरता बसवलेल्या, शंभर वर्षांनंतरही जागच्या हललेल्या नाहीत. पण काही ओढ्यांनी रस्ता पार कापून नेलाय, तिथे खाली उतरून परत वर चढावं लागतं, आणि पावसानंतर लगेच इथे येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. खाली प्रा क्लो नावाची छोटी वस्ती लागते, दगडी घरं, तिथून पुढे झाडी आणि सावली. गुडघ्यांची परीक्षा या उतरणीतच आहे, काठ्या नसतील तर हा मार्ग घेऊ नका, आल्या वाटेने क्लाविएरला परत जा, ते जास्त शहाणपणाचं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: जुलैचा मध्य ते सप्टेंबर हा काळ चांगला. वर पाणी नाही, माणशी तीन लिटर तरी घ्या. वारा अडवणारं जाकीट आणि टोपी ऑगस्टमध्ये सुद्धा लागते. गाडी नसेल तर तोरिनोहून बार्दोनेक्याकडे जाणारी लोकल धरून उल्क्सला उतरा, तिथून क्लाविएरकडे बस असते, पण तिच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, तेव्हा परतीची शेवटची बस किती वाजता आहे हे सकाळीच बघून घ्या आणि फेनिल्सचा विचार असेल तर ती तिथे थांबते का हेही ड्रायव्हरला विचारून ठेवा.